भिंतीपलीकडचा दवाखाना

महाराष्ट्रातली जितकी स्वयंपाकघरं आमच्या शेजारच्या डॉक्टरबाईंनी आतून पाहिली होती तितकी जनगणनेच्या माणसांनीही पाहिली नसतील, आणि त्यासाठी त्या कसबा पेठेतल्या आपल्या खुर्चीतून उठल्याही नव्हत्या. लातूरच्या एका किराणा दुकानदाराचा फ्रिज कुठल्या भिंतीला लागून आहे, सांगोल्याच्या कुणाच्या देवघरात लाल बल्ब लुकलुकतो, चंद्रपूरच्या कुणाच्या उशीला अभ्रा नाही, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. चंद्रपूरच्या त्या गृहस्थांना तर त्यांनी अभ्रा घालून उशी पुन्हा दाखवायला लावली होती. उलट त्यांचं स्वतःचं स्वयंपाकघर पाहिलेला माणूस, माझ्याखेरीज, मला अजून भेटलेला नाही.

मी मूळची अकोल्याची. लग्न मोडल्यावर नातेवाइकांच्या प्रश्नांना उत्तरं देत बसण्यापेक्षा परक्या गावात नोकरी करणं सोपं वाटलं, म्हणून पुण्याला आले. हडपसरला कालपर्यंत जिथे ऊस उभा होता तिथे आज काचेची इमारत उभी राहायची, असे ते दिवस होते, आणि कीबोर्डची ओळख असलेल्या कुणालाही त्यातल्या एखाद्या इमारतीत खुर्ची मिळून जायची. मला मिळालेली खुर्ची सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणाऱ्यांची होती. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून संध्याकाळी डोकं असं ठणकायचं, की घरी आल्यावर दिवा लावायची हिंमत होत नसे. वर्षभर मी ते अंगावर काढलं. मग एकदा शेजारच्या दारावरची पाटी नीट वाचली. नाव, पदव्या, आणि त्याखाली फक्त दोन शब्द: ‘केवळ डोकेदुखी’. मी बेल वाजवली.

दार चार बोटं उघडलं. आत काळोख होता आणि काळोखात काळा चष्मा लावलेल्या, साठीच्या एक बाई उभ्या होत्या. काय होतंय, असं त्यांनी विचारलं. मी आपलं आमच्याकडच्या पद्धतीने सांगितलं, डोकं दुखून राहिलंय. “राहिलंय ना? मग उद्या संध्याकाळी साडेसहापर्यंत राहू द्या,” त्या म्हणाल्या, “आणि कॉम्प्युटरवर या. मी पेशंट प्रत्यक्ष बघत नाही.” मी शेजारीच राहते, भिंतीला भिंत लागून आहे, असं मी चाचरत म्हणाले. त्यावर त्या म्हणाल्या, मग काय, फार लांबचा प्रवास पडणार नाही, आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी माझ्या घरात कॉम्प्युटरसमोर बसले आणि त्या त्यांच्या घरात. आमच्या इमारतीच्या भिंती बिल्डरने इतक्या मनापासून पातळ बांधल्या होत्या, की त्यांचा प्रश्न मला आधी भिंतीतून ऐकू यायचा आणि मग क्षणभराने कॉम्प्युटरमधून. त्यामुळे पडद्यावरच्या बाईंचं तोंड उघडायच्या आत मी उत्तर देऊन मोकळी होत होते. दोन-तीनदा असं झाल्यावर त्यांनी चष्मा खाली ओढून पाहिलं आणि भिंतीतून ऐकू नका, ते नियमात बसत नाही, अशी समज दिली. मग पाऊण तास त्यांनी मला दुखण्याबद्दल असं काही विचारलं, की माझ्याच डोक्याची मला नव्याने ओळख झाली. दुखणं सुरू व्हायच्या आधी जांभया येतात का, गोड खावंसं वाटतं का, लहानपणी गाडी लागायची का. घरी कोण कोण असतं, हेही विचारलं. मी म्हणाले, कोणी नाही. “बरं,” त्या म्हणाल्या, “म्हणजे गोंगाटाचा त्रास नाही,” आणि वहीत लिहून घेतलं. सहा महिन्यांत माझी डोकेदुखी आठवड्यातून पाच दिवसांवरून महिन्यातून दोन दिवसांवर आली. मी भिंतीतून ऐकायचं मात्र कधी सोडलं नाही.

प्रत्यक्ष पेशंट न बघण्याचं कारण त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितलं. एका मोठ्या हॉस्पिटलात त्यांनी मेंदूविकारतज्ज्ञ म्हणून आयुष्य काढलं होतं, आणि त्या सगळ्या काळात त्यांची स्वतःची अर्धशिशी त्यांच्या सोबत ड्यूटीवर असायची. ट्यूबलाइट, फिनेल आणि पेशंटांच्या अंगावरचं अत्तर हे तीन त्यांचे हाडवैरी. पेशंट कॉम्प्युटरच्या पडद्यावरही दिसू शकतो हे कळलं त्या दिवशी आपण नोकरीचा राजीनामा लिहायला घेतला, असं त्या म्हणायच्या, कारण पडद्यातून वास येत नाही. पण त्यांचं दुसरं कारण मला जास्त पटायचं. दवाखान्यात माणूस इस्त्रीचे कपडे घालून येतो, ताठ बसतो आणि खोटं बोलतो. घरात तो घरातल्यासारखा असतो आणि त्याचं दुखणं त्याच्या मागे फळीवर ठेवलेलं दिसतं.

म्हणून प्रत्येकाला घर दाखवावं लागे. सुरुवातीच्या काळात बिचारे पेशंट तालुक्याच्या गावी इंटरनेट कॅफेत येऊन बसायचे आणि कॅफेचा मालक मागून डोकावून आपलीही लक्षणं सांगून घ्यायचा. तेव्हा बाईंचा फार जीव कासावीस व्हायचा. पुढे मोठे फोन घराघरांत आले आणि त्यांचं राज्य सुरू झालं. फोन फिरवा, उजवीकडे घ्या, तो डबा उघडा, असं त्या सांगत, आणि माणसं मुकाट्याने डबे उघडत. लातूरच्या दुकानदाराचं डोकं दर गुरुवारी दुपारी दुखायचं. मागच्या भिंतीवर दत्ताची तसबीर होती आणि तिला ताजा हार होता. उपाशीपोटी किती वाजेपर्यंत बसता, एवढं एकच विचारून त्यांनी निदान केलं, आणि देवाने तुमच्याकडे भक्ती मागितली आहे, डोकं मागितलेलं नाही, असं सांगून गुरुवारी सकाळी साबुदाण्याची खिचडी खायला लावली. सोलापूरकडच्या एका सुनेने, डोकं कधी दुखलं ते टिपायला बाईंनी सांगितलेल्या वहीत, प्रामाणिकपणे लिहिलं होतं: सकाळी सासूबाई आल्या, दुपारी दुखायला लागलं, सासूबाई गेल्या, थांबलं. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, निदान उत्तम केलंत, औषध माझ्याकडे नाही.

त्यांच्या खुर्चीच्या मागे एक पांढरी चादर ताणून बांधलेली असे आणि तिच्यावर टाचणीने लावलेला कागद: ‘ऐकू येतंय का, असं विचारण्यात वेळ घालवू नये.’ त्या नुसत्या पडद्यावर बघून औषध देतात असा मात्र कुणी समज करून घेऊ नये. आधी गावातल्या डॉक्टरने हात लावून तपासलं पाहिजे, डोळे आणि रक्तदाब बघितला पाहिजे, तो कागद पाठवला पाहिजे, तोवर त्या नमस्कारही करत नसत. आणि प्रत्येक पेशंटला त्यांनी एक यादी पाठ करायला लावली होती. कोणत्या डोकेदुखीत आपल्याकडे न येता थेट हॉस्पिटल गाठायचं, त्याची. वीज पडल्यासारखं एकदम दुखलं तर. ताप आणि मान आखडली तर. डोक्याला मार लागल्यानंतर दुखायला लागलं तर. बोलणं अडखळलं, हात किंवा पाय जड झाला तर. पन्नाशीनंतर कधी नव्हतं तसं वेगळंच दुखायला लागलं तर. मोठमोठी माणसं शाळेतल्या पोरांसारखी हात मागे बांधून ही यादी म्हणून दाखवायची. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

यादी कधीच न चुकणाऱ्या एकच बाई होत्या, वाशीमकडच्या एका गावातल्या प्राथमिक शाळेच्या शिक्षिका. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांचं डोकं रोज दुखायचं, वर्षानुवर्षं. डॉक्टरबाईंनी स्वयंपाकघर दाखवायला सांगितलं, मग मिसळणाचा डबा उघडायला सांगितला. मोहरी, जिरं, हळद, तिखट, आणि एका वाटीत पांढऱ्या गोळ्या. भाजीला फोडणी देता देता एक गोळी तोंडात टाकायची त्यांना सवय झाली होती. डॉक्टरबाईंनी त्यांना समजावलं, की डोकेदुखीच्या गोळ्या रोज घेतल्या की पुढे गोळ्यांचीच डोकेदुखी सुरू होते, आणि ती बंद करायची तर आधी दोन आठवडे जास्त दुखेल. ते दोन आठवडे मी भिंतीतून ऐकले आहेत. रोज सकाळी शाळा भरायच्या आधी आणि संध्याकाळी शाळा सुटल्यावर डॉक्टरबाई आपण होऊन त्यांना फोन लावायच्या. पाचव्या दिवशी मास्तरीणबाई रडायला लागल्या, मला नाही जमत म्हणाल्या.   मग डॉक्टरबाईंचा आवाज आला, मी इथे बसलेय, तुम्ही आडव्या व्हा, फोन तसाच राहू द्या. मी कामाला निघाले तेव्हाही पलीकडे तो फोन तसाच चालू होता.

मास्तरीणबाई बऱ्या झाल्या, पण महिन्याची वेळ त्यांनी सोडली नाही. त्या अकोल्यावाल्यांसारख्याच ‘करून राहिले, येऊन राहिले’ बोलायच्या, म्हणून भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला की मला उगीच माहेरी गेल्यासारखं वाटायचं. एकदा त्या सहज म्हणाल्या, आमचं घर तुम्ही कोपरान्‌कोपरा पाहिलं, एकदा तुमचं दाखवा ना. डॉक्टरबाई म्हणाल्या, आवाज तुटतोय, नेटवर्क गेलं वाटतं, आणि बंद केलं. नेटवर्क काही गेलं नव्हतं. माझ्याकडे ते व्यवस्थित चालू होतं.

दाखवण्यासारखं खरंच काही नव्हतं. चादरीच्या मागे एक पलंग, पुस्तकांचं कपाट, खिडक्यांना जाड गडद पडदे. स्वयंपाकघरात एक पातेलं, एक तवा, आणि दोन कप, त्यातला दुसरा मी नेलेला. भाऊ गेल्यावर त्यांचं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं, बंगळूरला असलेली भाची. ती नवीन वर्षाला आणि वाढदिवसाला मेसेज पाठवायची. एकदा कॉम्प्युटर बिघडला तेव्हा तो दुरुस्त करायच्या निमित्ताने मी त्या घरात शिरले आणि मग येत-जात राहिले. तांत्रिक अडचणीसाठी म्हणून त्यांनी माझा नंबर परस्पर सगळ्या पेशंटांना देऊन टाकला होता, आणि मला ते कळलं तेव्हा चंद्रपूरचे गृहस्थ मला उशी कुठून घ्यावी विचारत होते. अर्धशिशी उठली की त्या दिवसभर काळोखात पडून राहत. मी मऊ भात करून न्यायचे. ताटलीत चमचा वाजला तरी त्यांना त्रास व्हायचा, म्हणून मी चमच्याऐवजी नुसती वाटी ठेवून यायचे आणि त्या हातानेच चार घास खायच्या.

दिवाळीतही त्या दवाखाना बंद ठेवत नसत. सणाला डोकी जास्त दुखतात, असं त्यांचं म्हणणं होतं. एका पाडव्याला मी घरीच होते. चार वाजता पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला, पण नंतर काहीच ऐकू आलं नाही. पाच वाजले, सहा वाजले. खाली गल्लीत फटाके वाजत होते, आणि भिंतीपलीकडून कुणाला ‘फोन फिरवा’ म्हटल्याचं ऐकू येत नव्हतं. शेवटी मीच साडेसहाला कॉम्प्युटर लावला आणि डोकं दुखतंय म्हणाले. त्या नीट केस विंचरून, बांधणीची साडी नेसून बसल्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुमचं डोकं दुखत नाहीये. दुखतं तेव्हा तुम्ही डावा डोळा बारीक करता.” मी ओशाळले, बंद करायला हात पुढे केला. तेव्हा त्या घाईने म्हणाल्या, “पण वेळ घेतलीच आहे तर बसा.” मग आम्ही दोघी, मध्ये चार इंचांची भिंत ठेवून, अर्धा तास एकमेकींसमोर बसलो. मी चकली खात होते, त्यांनी बेसनाचा लाडू घेतला होता. उठून पलीकडे जावं असं मला सुचलं नाही, आणि बोलवावं असं त्यांना.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या अखेरीला त्या माळ्यावरचा डबा काढताना स्टुलावरून घसरल्या आणि ओट्याच्या कडेवर डोकं आपटलं. टेंगूळसुद्धा आलं नाही. ओटा सुखरूप आहे, असं त्यांनी मला सांगितलं. मी म्हणाले तपासून घ्या, तर माझ्याकडे नुसतं पाहिलं. नंतर तीन-चार आठवडे माझ्या कंपनीत कामाची घाई होती. सकाळी बसने हडपसरला जायचे ते पार थकून परत यायचे, आणि भिंतीतून काय ऐकू येतंय याकडे माझं लक्ष नव्हतं. दोनदा त्यांच्याकडून करपल्याचा वास आला. त्यांचं डोकं दुखतंय, एवढं मला माहीत होतं. पण त्यांचं डोकं दुखणं ही काही बातमी नव्हती.

एका दुपारी ऑफिसात वाशीमच्या मास्तरीणबाईंचा फोन आला. आवाज दाबून बोलत होत्या, वर्गाबाहेर उभ्या असाव्यात. “ताई, डॉक्टरबाई आज वेगळंच बोलून राहिल्या. तीनदा विचारलं मला, जेवण झालं का म्हणून. हातातून पेन दोनदा पडला. आणि वाक्य अर्धं सोडून दिलं. त्या कधी वाक्य अर्धं सोडत नाहीत.” मी म्हणाले, त्यांचं डोकं दुखतंय सध्या. त्यावर त्यांनी विचारलं, त्यांना कुठं मार लागला होता का? मी स्टुलाचं सांगितलं. मग त्या शिक्षिकेने, शाळेच्या व्हरांड्यात उभं राहून, ती यादी मला म्हणून दाखवली. मार लागल्यानंतर दुखायला लागलं तर. बोलणं अडखळलं तर. ऐकता ऐकता मी पर्स उचलली. चुका शोधण्याचा पगार मी घेत होते, आणि भिंतीला लागून असलेली चूक चारशे-साडेचारशे किलोमीटरवरून त्यांनी शोधली होती.

रिक्षा करून निघाले. लाल महालाच्या अलीकडे गाड्या तुंबल्या होत्या, म्हणून तिथून पळत आले. दार त्यांनीच उघडलं, या वेळी पूर्ण, आणि मला बघून त्या कुणी परकं आल्यासारख्या हसल्या. एका पायात चप्पल नव्हती, ते त्यांना कळलेलं नव्हतं. हॉस्पिटलात जाऊ या म्हटल्यावर मात्र त्या ओळखीच्या झाल्या. हे माझं नेहमीचंच आहे, आमची पन्नास वर्षांची ओळख आहे, तुम्ही मला शिकवू नका. मी हात धरला तो त्यांनी झटकला. काही केल्या ऐकेनात, तेव्हा मी मास्तरीणबाईंना फोनवर घेतलं, चित्रासकट, आणि फोन टेबलावर पुस्तकांना टेकवून त्यांच्यासमोर ठेवला.

समोर पेशंट दिसल्याबरोबर डॉक्टरबाई सवयीने खुर्चीत बसल्या. काय होतंय, त्यांनी विचारलं. मास्तरीणबाई म्हणाल्या, मला काही होत नाही, आज तुम्हाला तपासायचं आहे. मग त्यांच्याकडून जे ऐकून ऐकून पाठ झालं होतं तेच त्यांनी, पहिलीच्या पोराला सांगावं तसं, सांगितलं. “दोन्ही हात समोर धरा. तळवे वर. आता डोळे मिटा, आणि मी म्हणेपर्यंत उघडू नका.”

का कोण जाणे, त्यांनी ऐकलं. हात समोर धरले, डोळे मिटले. डावा हात होता तिथे राहिला. उजवा हळूहळू आत वळला आणि खाली उतरायला लागला, जणू त्याच्यावर कुणी वजन ठेवत होतं. मला ओरडावंसं वाटत होतं. मास्तरीणबाई म्हणाल्या, आता उघडा. फोनच्या कोपऱ्यात बोलणाऱ्याचं स्वतःचं छोटं चित्र दिसतं ना, तिथे डॉक्टरबाईंनी पाहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे हात पाहिलेल्या त्या, आता त्या चौकोनातल्या बाईकडे बघत राहिल्या. चेहऱ्यावर भीती नव्हती. पेशंट बघताना असायचं तसं लक्ष होतं. “उजवा खाली येतोय,” त्या सावकाश म्हणाल्या. “म्हणजे डावीकडे... रक्त साठलंय.” आणि माझ्याकडे वळून, “ह्यांना ताबडतोब हलवा.”

हॉस्पिटलात फॉर्म भरून घेणाऱ्याने मला नातं विचारलं. मी म्हणाले, शेजारी. तो म्हणाला, असं नातं नाहीये यात. स्ट्रेचरवरून डॉक्टरबाई शब्द शोधत म्हणाल्या, पेशंट लिहा. तो म्हणाला, आजी, पेशंट तर तुम्ही. त्यावर त्या म्हणाल्या, “आम्ही दोघी,” आणि डोळे मिटून घेतले. भाचीने फोनवर संमती दिली आणि ती दुसऱ्या दिवशी विमानाने आली. कवटीला लहानसं छिद्र पाडून साठलेलं रक्त काढलं. त्या वाचल्या. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की आणखी दोन-तीन दिवस गेले असते तर सांगता आलं नसतं. भाची चांगली होती, बंगळूरला चला म्हणून तिने आग्रह केला. दहा दिवस राहिली आणि एकटीच परत गेली. पेशंटांचे फोन मात्र मला येत राहिले. सगळे हॉस्पिटलचा पत्ता विचारायचे, कारण त्यांच्या लक्षात यायचं की आपण या बाईंना भेटायला जावं तर कुठे, हेच आपल्याला माहीत नाही.

बऱ्या झाल्या तरी एखादा शब्द त्यांना चटकन सापडत नसे. त्या खिडकीकडे बघत थांबायच्या आणि तो आला की पुढे जायच्या. त्यांनी दवाखाना बंद करायचं ठरवलं. अजून वर्ष-दोन वर्षं करता येईल, असं मी म्हणून पाहिलं. त्या म्हणाल्या, “माझं डोकं मला कळलं नाही. दुसऱ्यांची कशाला धरू?”  पुढचे दोन महिने त्या एकेका पेशंटला पडद्यावर बोलवायच्या, त्याच्या गावाजवळचा चांगला डॉक्टर शोधून द्यायच्या, त्याची वही त्या डॉक्टरकडे पाठवायची व्यवस्था करायच्या, आणि निरोप न घेताच बंद करायच्या. लातूरचे दुकानदार रडले. शेवटचा पेशंट झाला त्या दिवशी त्यांनी मागची चादर सोडून धुवायला टाकली. त्यानंतर भिंतीतून यायचे ते फक्त भांड्यांचे आवाज. संध्याकाळी साडेसहाला मी पलीकडे जाऊन बसायला लागले. 

हिवाळ्यात मास्तरीणबाईंचा मला फोन आला, की शाळेची सहल एसटीने पुण्याला येते आहे, कात्रजचं प्राणिसंग्रहालय बघणार, दुपारी तासभर मोकळा आहे, डॉक्टरबाई येतील का? मी विचारलं. त्यांनी आधी उन्हाचं कारण सांगितलं, मग गर्दीचं. दुसऱ्या दिवशी मला विचारलं, तिथे प्राणी कोणकोणते आहेत. तिसऱ्या दिवशी उन्हाची टोपी शोधायला लावली.

सहलीची बस पाऊण तास उशिरा आली. मुलं दोन-दोनच्या रांगेत उतरली आणि एक उंच, सावळ्या बाई त्यांना हाकत आमच्यासमोरून दोनदा गेल्या. त्या इकडेतिकडे बघत कुणाला तरी शोधत होत्या, पण नजर आमच्या डोक्यांवरून जात होती. शेवटी मीच हाक मारली. त्या जवळ आल्या, टोपीखाली वाकून पाहिलं. “डॉक्टरबाई? तुम्ही तर एवढ्याशाच निघाल्या.” डॉक्टरबाई मान वर करून त्यांच्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, “तुम्ही उभ्याही राहता, हे मला माहीत नव्हतं.”

दोघी एका बाकावर बसल्या. मी थोडी लांब झाडाखाली थांबले. इतकी वर्षं दोघी समोरासमोर बोललेल्या. शेजारी बसून कसं बोलायचं ते दोघींनाही जमेना. दोघी समोरच्या कुंपणाकडे बघत होत्या. डॉक्टरबाईंनी विचारलं, झोप लागते? लागते. जेवण वेळेवर? हो. मग प्रश्न संपले. मास्तरीणबाईंनी पिशवीतून भाकरी आणि ठेचा काढला आणि अर्धी भाकरी त्यांच्या हातावर ठेवली. माझ्या डॉक्टरबाई, चमच्याच्या आवाजाने डोकं धरणाऱ्या, शंभर पोरांच्या कलकलाटात बसून ठेचा-भाकरी खात होत्या आणि डोळ्यांत पाणी येत होतं. तिखट जास्त झालं का, असं मास्तरीणबाईंनी विचारलं. डॉक्टरबाई नाही म्हणाल्या. मग मास्तरीणबाईंनी त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि शिट्टी वाजेपर्यंत तसाच ठेवला. 

बस निघून गेली तरी डॉक्टरबाई फाटकापाशी उभ्या होत्या. मी रिक्षा थांबवली तेव्हा मुकाट्याने येऊन बसल्या. बराच वेळ गेल्यावर, स्वारगेट जवळ आलं असेल, त्यांनी विचारलं, “ह्यांची सहल दर वर्षी असते का हो?” मी म्हणाले, असावी, विचारून सांगते.

पुढच्या वर्षी सहल वेरूळला गेली. मास्तरीणबाईंनी मला फोनवर सांगितलं, त्यांनाही वाईट वाटत होतं, पण ठरवणारे हेडमास्तर. संध्याकाळी मी पलीकडे गेले आणि डॉक्टरबाईंना सांगितलं. “बरोबर आहे,” त्या म्हणाल्या, “मुलांनी वेरूळ बघायलाच हवं,” आणि चहा टाकायला आत गेल्या. उन्हाची टोपी दारामागच्या खुंटीवर होती. धुऊन, इस्त्री करून, महिनाभर आधीच काढून ठेवलेली.